केस नंबर सात

"मॅडम, मंगळवारी सकाळी साडेसातपर्यंत याल का? एमएस कमी पडतोय."

असा फोन यायचा तेव्हा घरच्यांना वाटायचं, केंद्रप्रमुखांनी काहीतरी माहिती मागवली असणार. एमएस म्हणजे मायट्रल स्टेनोसिस. हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली झडप आखडते, नीट उघडत नाही. फोन करणारा असायचा सरकारी मेडिकल कॉलेजच्या मेडिसिन विभागातला एखादा रेसिडेंट डॉक्टर, आणि कमी पडत असायचे ते एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला लागणारे पेशंट. विभागाकडे एक जाड वही होती. रेसिडेंट तीन वर्षांनी बदलायचे, वही तीच राहायची. तिच्यात माझं नाव नव्हतं. 'एमएस, शाळेच्या बाई' एवढंच, आणि पुढे फोन नंबर. माझ्या वरच्या ओळीत 'मोठी प्लीहा, रिक्षावाले काका' आणि खालच्या ओळीत 'उजवा पॅरालिसिस, भाजीवाल्या आजी'.

मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिकवते. पहिली ते चौथीच्या पोरांच्या तोंडी परीक्षा घेण्यात माझी वीस वर्षं गेली. त्यातली सात वर्षं मी स्वतः वर्षातून एकदा, कधी दोनदा, दुसऱ्या कुणाच्या तरी परीक्षेत प्रश्नपत्रिका होऊन पडले.

सुरुवात 2004 साली झाली. तेव्हा मी शिक्षणसेवक होते, महिना 3000 रुपये मानधन. पहिलं बाळंतपण, सातवा महिना. फळ्यावर पाढे लिहिता लिहिता दम लागायला लागला. सासूबाई म्हणाल्या, पोट मोठं आहे, मुलगा असेल. ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली, कपाळाला आठी घातली आणि चिठ्ठी देऊन जिल्ह्याच्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. तिथं कळलं की माझ्या हृदयाची एक झडप लहानपणीच खराब झाली होती. नऊ-दहा वर्षांची असताना घसा दुखून ताप आला होता आणि मग दोन्ही गुडघे सुजले होते. आजीनं निर्गुडीचा पाला गरम करून बांधला, सूज उतरली, सगळे विसरले. डॉक्टर लोकांत एक जुनी म्हण आहे म्हणे: हा ताप सांध्यांना नुसता चाटतो, हृदयाला मात्र चावतो.

दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी सकाळी मोठे सर राऊंडला आले. मागे बारा पांढरे अ‍ॅप्रन. सरांनी ऐकलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "काय सुंदर मर्मर आहे! सगळ्यांनी ऐकून घ्या, असा पुन्हा मिळणार नाही." एवढं मराठीत, पुढचं सगळं इंग्रजीत. मर्मर म्हणजे खराब झडपेतून रक्त जाताना होणारा आवाज. मग एकेक जण. मायट्रलचा मर्मर ऐकायचा तर पेशंटला डाव्या कुशीवर वळवावं लागतं, श्वास सोडून रोखायला सांगावं लागतं, आणि स्टेथोस्कोपची लहान बाजू डाव्या स्तनाच्या खाली टेकवावी लागते. म्हणजे ब्लाउजचे हुक काढायचे. पडदा होता, पण तो दोन बेड सोडून पलीकडे. समोरच्या बेडवरच्या आजीला भेटायला आलेला तिचा जावई भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, बिचारा. पाचव्या मुलाच्या वेळी श्वास रोखताना मलाच धाप लागली, तर सर म्हणाले, हे बघा, डिस्पनिया. माझं नाव कुणी विचारलं नव्हतं. पोटात बाळ आहे त्याचा उल्लेख मात्र इंग्रजीत तीनचारदा झाला, प्रेग्नन्सी एवढा शब्द मला कळत होता.

त्या बारांतली एक मुलगी होती, बुटकीशी, चष्मा लावणारी. तिचं ऐकून झाल्यावर ती मागे गेली नाही. बेडच्या कडेला उभी राहिली आणि दोन्ही हातांनी आपला अ‍ॅप्रन पंखासारखा पसरून धरला. पुढचे सगळे ऐकून होईपर्यंत तशीच उभी. तिनं मर्मर नीट ऐकला की नाही कुणास ठाऊक. माझ्याशी एक अक्षर बोलली नाही, जाताना वर बघितलंसुद्धा नाही.

बाळंतपण सुखरूप पार पडलं, मुलगी झाली. दर एकवीस दिवसांनी पेनिसिलीनचं इंजेक्शन सुरू झालं. ज्यांनी ते घेतलंय त्यांना सांगायला नको, कमरेत घेतलं की संध्याकाळपर्यंत पाय ओढत चालावं लागतं. आणि 2007 मध्ये पहिला फोन आला.

परीक्षेच्या दिवशी वॉर्ड ओळखू येत नाही. चादरी नव्या, प्रत्येक बेडला नंबर, इन्चार्ज सिस्टर स्वतः पडदे ओढून बघतायत. आम्हां 'केसेस'ना पोहे आणि चहा. एक रेसिडेंट येऊन सूचना देऊन जातो: मुलं विचारतील ते खरं सांगायचं, पण आजाराचं नाव सांगायचं नाही. मग आपण आपल्या नंबरवर जाऊन पडायचं. माझा नंबर पहिल्या वर्षी सात होता. पुढं कुठलाही मिळाला तरी रिक्षावाले काका मला "काय सातनंबर?" असंच म्हणायचे. ते जुनेजाणते. त्यांची प्लीहा बेंबीपर्यंत उतरलेली, आणि कुठल्या पोराची बोटं पोटावर बरोबर पडतायत हे ते डोळे मिटून सांगायचे. "खालून वर यायला पाहिजे. हे वरूनच सुरू करतंय. याला नाही सापडायची."

मुलांना एका लाँग केससाठी, म्हणजे एकच पेशंट सविस्तर विचारून-तपासून बघायला, साधारण तासभर मिळायचा. पोरं आत यायची ती निम्मी मेलेली. "नमस्कार मावशी." हॉस्पिटलात सगळ्या बाया मावशी. बेडवर पडलेली मावशी, फरशी पुसणारी मावशी, आणि डबा घेऊन आलेली तीही मावशी. त्यामुळे कुणी 'मावशी' अशी हाक मारली की आम्ही तिघी वळून बघायचो.

मग प्रश्न सुरू. दोन जिने चढल्यावर दम लागतो का? आमच्या गावात तेव्हा जिना फक्त ग्रामपंचायतीला होता, आणि तो चढायचं बाईमाणसाला कारण नव्हतं. मी म्हणायचे, नाही. खरंच सांगत होते. मुलगा लिहून टाकायचा, दम नाही. मग पुढे परीक्षक वैतागायचे. हापशावरून कळशी भरून आणताना वाटेत टेकावं लागतं का, असं विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की तीनदा. कुणी विचारलं नाही. दुसरा प्रश्न, रात्री किती उश्या घेऊन झोपता? आडवं पडल्यावर गुदमरत असेल तर माणूस उश्या वाढवत जातो, त्याच्यावरून आजार किती पुढे गेलाय ते कळतं. आमच्या घरात उशी प्रत्येकी एक, आणि दुसरी लागलीच तर गोधडीची घडी. मी 'एक उशी' सांगायचे. गोधडीला कोण उशी म्हणतं? दोन-तीन परीक्षांनंतर माझ्या लक्षात आलं की माझ्या खऱ्या उत्तरांमुळे पोरं चुकतायत. मग मी न विचारता 'उशी एक, पण खाली गोधडी घेते' असं सांगायला लागले.

एकदा एका मुलानं परीक्षकांना ठामपणे सांगितलं की पेशंटच्या गालावर लाली आहे. पुस्तकात तसं दिलेलं असतं, मायट्रलच्या पेशंटचे गाल लाल दिसतात. पुस्तक गोऱ्यांच्या देशातलं. बाहेरून आलेल्या परीक्षक बाई माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या, मी त्यांच्या, आणि आम्ही दोघी हसलो. माझा रंग बघितलात तर तुम्हीही हसाल. तो मुलगा मात्र हसला नाही, त्याला घाम फुटला होता.

आता एक कबुली. 2010 च्या परीक्षेत माझ्याकडे एक मुलगा आला, विदर्भाकडचा असावा बोलण्यावरून. हात इतके थरथरत होते की स्टेथोस्कोप गळ्यातून काढताना कानातच अडकला. माहिती छान विचारली त्यानं. मी शाळेत शिकवते म्हटल्यावर 'कितवीला' असंही विचारलं, जे कुणी विचारत नाही. मग तपासायला लागला. मी उताणी. तो ऐकतोय, पुन्हा ऐकतोय, काही सापडत नाही. डाव्या कुशीवर वळवायचं तो साफ विसरला होता. घड्याळाकडे बघतोय. ओठ सुकलेले. मला माझ्या वर्गातली पोरं दिसायला लागली, सातचा पाढा अडला की अशीच वर बघतात.

मी वळले. काही बोलले नाही. पाठ अवघडल्यासारखं केलं आणि डाव्या कुशीवर झाले, आणि एक श्वास सोडून थांबले.

तो एक क्षण माझ्याकडे बघत राहिला. मग वाकला. त्याला मर्मर सापडला ते मला त्याच्या खांद्यांवरून कळलं. थोड्या वेळानं परीक्षक आले, त्यांनी विचारलं, पेशंटला लेफ्ट लॅटरल का केलंस? त्यानं उत्तर बरोबर दिलं. खडाखडा. मी छताकडे बघत पडून होते. माझ्या शाळेत खिडकीतून चिठ्ठी फेकणाऱ्या पालकाला मी आदल्याच वर्षी चार शब्द सुनावले होते. ही कॉपीच होती, आणि ती मी पुरवली होती. तो आज कुठं डॉक्टर असेल, आणि पेशंटला आठवणीनं कुशीवर वळवत असेल का, हा विचार अधूनमधून येतो.

त्याच दिवशी परीक्षा संपल्यावर एका रेसिडेंट मुलीनं मला विचारलं, "बाई, तुम्ही स्वतः कधी ऐकलंय?" तिनं नळ्या माझ्या कानात घातल्या आणि दुसरं टोक माझ्याच छातीवर धरलं. सहा वर्षं शंभरेक जणांनी ऐकलेली गोष्ट मी पहिल्यांदा ऐकली. पहिला ठोका खणखणीत, दार आपटल्यासारखा. मग दुसरा, त्याला लागूनच एक बारीक 'टक्'. आणि मग ती घरघर. शेजारच्या घरात पहाटे कुणी जातं ओढत असेल तर भिंतीतून जसं येतं, तसं. सरांनी सहा वर्षांपूर्वी सुंदर म्हटलं होतं, त्याचा राग मनात होता. ऐकल्यावर राग थोडा कमी झाला. ते खोटं बोलत नव्हते.

पुढे झडप आणखी आवळत गेली. निरोगी माणसाच्या या झडपेचं तोंड चार ते सहा चौरस सेंटीमीटर उघडतं. माझं सुरुवातीला पावणेदोनच्या आसपास होतं, 2014 मध्ये एकच्याही खाली आलं. मग बलून केला. मांडीच्या शिरेतून तार हृदयापर्यंत नेतात, दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक पाडून पलीकडे जातात आणि झडपेत फुगा फुगवून ती मोकळी करतात. छाती उघडावी लागत नाही. तिसऱ्या दिवशी घरी आले. पंधरा दिवसांनी हापशावरून कळशी आणली, वाटेत एकदाही न टेकता, आणि दारात उभी राहून रडले. वैद्यकीय बिलाच्या फायलीनं पुढं दीड वर्ष जी कार्यालयं पाहिली, ती गोष्ट वेगळी लिहीन कधीतरी.

पुढच्या परीक्षेला फोन आला, मी गेले. नवीन रेसिडेंट होता. खात्री करायला त्यानं आधी स्वतः ऐकलं. कुशीवर वळवून ऐकलं. बसवून ऐकलं. "मॅडम, मर्मर जवळजवळ गेलाच की!" त्याचा चेहरा पडला. मागे उभ्या असलेल्या सरांना म्हणाला, सर, हिच्यात आता दाखवण्यासारखं काही राहिलं नाही. मला येण्याजाण्याचे पैसे दिले, पोहे दिले आणि घरी पाठवलं. एसटीत बसल्यावर कळेना, आनंद करायचा की काय. बरी झाले म्हणून शाळेनं नाव काढावं, तसं काहीतरी वाटत होतं. खरं सांगायचं तर अपमान वाटला होता.

त्यानंतर सात-आठ वर्षं फोन नाही. 2022 साली आला तो वेगळाच. बोलणाऱ्या मॅडम म्हणाल्या, तुमचा मर्मर नको आहे, तुम्ही हव्या आहात. मला वाटलं चेष्टा चाललीय.

झालं होतं असं की 2019 च्या बॅचपासून एमबीबीएसचा अभ्यासक्रम बदलला. त्यात वागणूक, नीतिमत्ता आणि संवाद असा एक सलग विषय आला, सगळे त्याला 'एटकॉम' म्हणतात. पहिल्याच वर्षी त्यातला एक धडा आहे, रुग्ण असणं म्हणजे काय. तो धडा बहुतेक ठिकाणी डॉक्टरच शिकवतात, फळ्यावर मुद्दे लिहून. या मॅडमना वाटलं की रुग्णालाच बोलवावं. वही चाळली. शाळेच्या बाई, म्हणजे बोलता येत असणार.

बोलता येत होतं, तोच घोटाळा झाला. पहिल्या वेळी मी सव्वाशे मुलांसमोर वीस मिनिटं आदर्श पाठ घेतला. रुग्णाशी प्रेमानं बोला, नाव विचारा, पडदा ओढा. ओळख करून देताना एका सरांनी ऑस्लर नावाच्या डॉक्टरांचं सांगितलं होतं: शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी बाल्टिमोरला त्यांनी विद्यार्थ्यांना लेक्चर हॉलमधून उठवून वॉर्डात नेलं, रुग्णाशिवाय शिकवणं खरं नाही म्हणाले. मी मनात म्हटलं, बाल्टिमोरच्या बायकांच्या हुकांचं त्यांनी काय केलं तेही सांगा. बोलले नाही, बोलायला हवं होतं. तिसऱ्या बाकापासून मागची मुलं मोबाइलमध्ये होती. वर्ग निसटलेला मला वासावरून कळतो.

दुसऱ्या वर्षी मी भाषण केलंच नाही. पुढच्या रांगेतल्या एका उंच, हसऱ्या मुलाला पुढं बोलावलं, टेबलावर आडवं व्हायला सांगितलं. आणखी आठ जणांना त्याच्याभोवती उभं केलं. म्हटलं, याच्याबद्दल बोला. याच्याशी नाही बोलायचं, याच्याबद्दल बोलायचं. सुरुवात मीच केली. "हा बघा. दात पुढे आहेत. मोज्याला भोक आहे. वजन जास्त वाटतंय, नाही का? आई-वडिलांत कुणाचं असेल?" आधी हशा. मग एकानं पोटाकडे बोट दाखवलं, दुसऱ्यानं वाकून त्याच्या पायाची बोटं बघितली. एक-दीड मिनिट झालं असेल. टेबलावरचा मुलगा हसायचा थांबला होता. त्यानं हात आधी छातीवर घेतले, मग शर्टाचं खालचं टोक ओढून धरलं. मी थांबवलं. वर्गात आवाज नव्हता. मी त्याला विचारलं, काय वाटलं? तो म्हणाला, "मॅम, भोकाचं आधीच माहीत असतं तर दुसरे मोजे घातले असते."

मग मी 2004 चं सांगितलं. अ‍ॅप्रनवाल्या मुलीचंही. या वेळी ऐकलं त्यांनी.

नंतर चहाच्या वेळी एक जुने सर म्हणाले की पोराला असं उघडं पाडणं बरं नव्हे, त्याला विचारलं होतं का आधी? नव्हतं विचारलं. मी त्या मुलाला शोधून माफी मागितली. आता आधी विचारते, काय होणार ते सांगून विचारते. मग तो झटका थोडा बोथट होतो, हेही खरं.

मॅडमनी पुढं मला आणखी एका कामाला लावलं. खोटी पेशंट. ही कल्पना जुनी आहे. 1963 मध्ये अमेरिकेत हॉवर्ड बॅरोज नावाच्या मेंदुविकारतज्ज्ञानं एका निरोगी बाईला आजाराची सगळी लक्षणं शिकवून विद्यार्थ्यांपुढे बसवलं होतं. तेव्हा लोकांनी नाकं मुरडली होती, म्हणे. पुढे 1975 मध्ये स्कॉटलंडात डंडीच्या रोनाल्ड हार्डननी परीक्षेचेच तुकडे करून वेगवेगळ्या टेबलांवर मांडले. घंटा वाजली की पुढच्या टेबलावर. तशी परीक्षा आता आपल्याकडेही घेतात आणि त्यातल्या एखाद्या टेबलावर माझ्यासारखी कुणीतरी असते.

मला दिलेली बाई होती सुनंदा. वय अडतीस, नवरा गवंडीकाम करतो, तीन आठवडे खोकला, थुंकी तपासलीय आणि त्यात टीबी निघालाय. विद्यार्थ्यानं सात मिनिटांत तिला हे सांगायचं. सहा महिने गोळ्या, औषध सरकारकडून फुकट, घरातल्यांचीही तपासणी करायची. माझ्या कागदावर एक ओळ ठळक होती: 'घरात कळलं तर माहेरी पाठवतील ही भीती. विचारल्याशिवाय सांगायचं नाही.' दोन दिवस सराव झाला. पहिल्या दिवशी मी इतकी रडले की मॅडम म्हणाल्या, बाई, नाटक नको. प्रत्येक विद्यार्थ्याला सारखीच सुनंदा मिळाली पाहिजे. पहिल्याला रडकी आणि अकराव्याला थकलेली असं चालणार नाही. हे फार अवघड आहे. तोच प्रश्न, तोच खोकला, तेच 'हो का' अकरा वेळा करून बघा. सातव्यानंतर मला खरंच खोकला यायला लागला.

शेवटी माझ्याकडे एक कार्ड असायचं, त्यावर एकच प्रश्न: पुन्हा याच डॉक्टरकडे याल का? हो किंवा नाही. परीक्षकांकडे वीस मुद्द्यांची यादी, नमस्कार केला, नाव सांगितलं, हात धुतले, अशी.

त्या दिवशी एक मुलगा आला, इस्त्रीचा. यादीतलं काही सोडलं नाही. मी म्हटलं, भूक लागत नाही हो. तो म्हणाला, "मला तुमची काळजी समजते." मी म्हटलं, नवरा लांब कामाला जातो. तो म्हणाला, "मला तुमची काळजी समजते." टीबी सांगून झाल्यावर मी गप्प बसले तर तेच तिसऱ्यांदा. त्याला यादीप्रमाणे वीसपैकी सतरा. मी 'नाही' लिहिलं. त्याच्यानंतर दोन नंबरांनी एक मुलगी आली, बाहेरच्या राज्यातली. सरकारी कॉलेजांत पंधरा टक्के जागा देशभरातल्या मुलांना असतात, त्यांतली असणार. नमस्कार विसरली, स्वतःचं नाव विसरली, हात धुवायचे विसरली. मराठी अर्धवट. आजाराचं नाव सांगितलं आणि थांबली. पेन खाली ठेवलं. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "ताई, घरमध्ये सांगायला भीती आहे?" अकरा जणांत हे विचारणारी ती एकटी. मी 'हो' लिहिलं, दोनदा अधोरेखित केलं. तिला अकरा.

मी सरांशी भांडले. माझ्या कार्डाला त्या वर्षी गुण नव्हते, ते 'केवळ माहितीसाठी' होतं. सर शांतपणे म्हणाले, "बाई, तुम्हाला ती आवडली म्हणून पास करायची. उद्या दुसऱ्या बाईला एखाद्याचा चेहरा आवडला नाही, आडनाव आवडलं नाही, म्हणून त्याला नापास करायचं का?" मला उत्तर सुचलं नाही. शाळा तपासणीला आलेल्या साहेबांच्या मूडवर आमचे शेरे ठरतात, त्याबद्दल मी आयुष्यभर बोटं मोडलीयत. तरी त्या मुलीला अकरा हे मला पटलेलं नाही, आजही नाही. आता रुग्णाच्या मताला वीसपैकी दोन गुण आहेत. दोन.

एक गोष्ट मात्र कुणी फारशी बोलत नाही, म्हणून लिहून ठेवते. वहीतली सगळी नावं आठवली तर त्यात रिक्षावाले, भाजीवाल्या, बिगारी, शेतमजूर आणि मानधनावरची मी. डॉक्टर ज्यांच्या छातीवर शिकतात ती माणसं फुकटच्या वॉर्डातली. खाजगी स्पेशल रूममधल्या बाईंच्या दारावर बारा अ‍ॅप्रन उभे राहत नाहीत. मी तक्रार करत नाही, शिकायला तर पाहिजेच, आणि माझा बलून ज्यांनी केला त्यांनीही कुणाच्या तरी छातीवर मर्मर ओळखायला शिकलेलं असणारच. पण ज्याच्याकडून घ्यायचं त्याला 'घेऊ का' असं विचारायला पैसा लागत नाही. संमतीचा मराठी कागद माझ्या हातात पहिल्यांदा 2022 मध्ये पडला, तोही खोट्या पेशंटच्या कामासाठी. खरी पेशंट होते तेव्हा नाही.

आता पहिल्या वर्षाची मुलं गावातही येतात. प्रत्येकाला काही कुटुंबं दत्तक दिलेली असतात, अधूनमधून येऊन बीपी बघायचं, विचारपूस करायची. सेवाग्रामच्या कॉलेजात बॅचनं गाव दत्तक घेण्याची पद्धत फार जुनी आहे, बाकीच्यांकडे ती आत्ता पोचली. आमच्या वाडीत आलेल्या पोरानं सासूबाईंना 'किती जिने' विचारलं नाही. त्यानं हापसा पाहिला होता.

गेल्या डिसेंबरात माझा नेहमीचा एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, होता. झडप पुन्हा आवळायला लागलीय, बलूननंतर दहा-बारा वर्षांनी असं होतं. तोंड सव्वा चौरस सेंटीमीटरवर आलंय. औषध वाढवलं, सहा महिन्यांनी परत बघू म्हणाले. ओपीडीत एक नवा रेसिडेंट होता, कोवळा. त्यानं आधी विचारलं, मग स्टेथोस्कोप तळहातावर घासून गरम केला, मग ऐकलं. बराच वेळ ऐकलं. चेहरा उजळला, आणि लगेच त्यानं तो आवरला. कागद खालीवर करत राहिला.

"बाई, एक विचारू का? रागावणार नाही ना?"

"परीक्षा कधी आहे?" मी म्हटलं.

तो ओशाळला. फेब्रुवारीत, म्हणाला. मी सांगितलं, येईन. पडदा माझ्या बेडला हवा, दोन बेड पलीकडे नको. सिस्टर किंवा एखादी विद्यार्थिनी शेजारी उभी राहील. सहा जणांनंतर मी उठून बसणार, पाणी पिणार. मुलांनी नाव विचारायचं. आणि मी आपण होऊन कुशीवर वळणार नाही, हे मुलांना आधीच सांगून ठेवा.

शेवटचं त्याला कळलं नाही, पण त्यानं सगळं टिपून घेतलं. वही आता राहिली नाही, मोबाइलमध्ये यादी असते. मी मान वाकडी करून बघितलं, माझ्यापुढे काय लिहिलंय ते. 'एमएस, पुन्हा आवळलेला. शाळेच्या बाई. अटी आहेत.'